उन्हातली सेफ्टी

गेल्या रविवारी सकाळी स्मृति नगरातले आमचे शेजारी, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले काका, हाफ पँट आणि पिवळं हेल्मेट घालून छतावर उन्हात बसले. घरातला बल्ब बदलतानाही ते आधी हेल्मेट शोधतात. डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आणि रोजचं ऊन सांगितलं होतं.

“अवो, ते काढा. लोक हसून राहिले,” काकू जिन्यातून म्हणाल्या.

“भट्टीजवळ बिना हेल्मेट गेलो नाही, सूर्याजवळ तसा कावून जाऊ?”

काकूंचे गुडघे दुखत होते, पण समोरच्या छतावरच्या तीन शेजारणींच्या लाजेपायी त्या उन्हात येईनात. काकांनी दुसरं हेल्मेट आणलं.

“घाल. कोणी ओळखत नाही तुले.”

काकू हेल्मेट घालून बसल्या. समोरच्या छतावरून तिघींनी विचारलं, “काय काकू, ड्यूटी लागली का?”

काकू उठल्या नाहीत.