दादाच्या गिटारवरचा ओला रंग

आधीच सांगतो, मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय आणि राहुरीतल्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत असिस्टंट आहे. करणी, बाधा, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नव्हतो. गावात कुणी असला विषय काढला की मीच वाद घालायचो. आजही मानायला लागलोय असं नाही. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं, ते मला कुठल्याच बाजूने सुटत नाही. इथे बरेच जाणते वाचक आहेत म्हणून लिहितोय. पदरचं काही घातलेलं नाही.

आमचं गाव सोनईजवळ. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि तो केवळ संतोषदादामुळे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी शिकावं म्हणून त्याने दहावीनंतर शाळा सोडली आणि राहुरीत शब्बीरचाचांच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर रंगवायला लागला. त्याला नाद एकच — गिटार. जुनी काळी इलेक्ट्रिक गिटार होती, लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर वाजवायचा. वर्षानुवर्षं वाजवून, उजवा हात जिथे टेकतो तिथला रंग पार उडाला होता, खालचं लाकूड दिसायचं. "हिला एकदा ट्रॅक्टरवानी लालभडक करनार," म्हणायचा. रंगाचा डबासुद्धा आणून ठेवला होता.

दिवाळीनंतर गावी कडबा कापताना कुट्टी मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला. डॉक्टरांना कोपराखालून काढावा लागला.

जखम भरली. खरा छळ त्यानंतर सुरू झाला. नसलेला हात दुखायचा. मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात घुसताहेत आणि मूठ उघडत नाही — असं दिवसरात्र. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हात गेलाय हे मेंदूला अजून कळलेलं नसतं. गोळ्या झाल्या, आरशासमोर बसून करायचे व्यायाम झाले. काही फरक नाही. हळूहळू त्याने जेवण सोडलं. आई ताट घेऊन तासतास बसायची. गालफडं आत गेली, छातीच्या फासळ्या मोजता याव्यात असा झाला. एका रविवारी मला म्हणाला, "तू एवढा शिकला ना? मग एवढी मूठ सोडव की." मी गोठ्यामागे जाऊन रडलो. आता हा जगत नाही, असंच मला वाटायला लागलं होतं.

काय करावं ते सुचेना. तेव्हा त्या लाल डब्याची आठवण झाली. गिटार रंगवून समोर ठेवली, तर निदान मान वर करून बघेल तरी... एवढाच विचार. खुंटीवरच्या तिच्या पिशवीत उशी कोंबून ठेवली आणि गिटार आणि तो डबा गोणीत घालून, घरी कुणालाही न सांगता, राहुरीला आणली.

शब्बीरचाचांनी तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मास्तर, पॉलिश पेपर घासता येतो का? का नुसत्याच बरन्या धुता शाळंत?"

तारा काढल्या, बटणं काढली, दांडा सोडवला. उरलेलं धड आम्ही दोघं घासायला बसलो. चाचांची चाळीस वर्षं पत्र्यावर गेलेली. बॉनेट घासताना ओततात तसं त्यांनी मगभर पाणी ओतलं आणि पाणी पेपर मारायला, म्हणजे ओलं घासायला, लागले. मीही मारला. लाकूड पाणी पितं हे मला कळायला हवं होतं, पण उस्तादाला कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी बघतो तर लाकडाच्या रेषा उठलेल्या, स्क्रूची भोकं फुगलेली.

"च्यायला, ही तर प्याली की सगळं!" चाचा डोक्याला हात लावून म्हणाले. "आन् तुझं सायन्स कुठं गेल्तं रे तवा?"

तीन दिवस ते धड गॅरेजच्या पत्र्यावर उन्हात वाळवलं. पुन्हा कोरडं घासलं, भोकांत लांबी भरली, प्रायमर दिला. रविवारी सकाळी चाचांनी लाल रंग मारला. मागच्या खोलीत तारेला टांगून ठेवलं. त्या खोलीला खिडकी नाही, एकच लोखंडी दार. चाचांना राहात्याला लग्नाला जायचं होतं. त्यांनी कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. "लाकडात अजून ओल असंल, रंग लवकर वाळायचा न्हाई. बोट लावशील तर बोट उठंल त्यावर."

मी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. लघवीलासुद्धा उठलो नाही, हे मी शपथेवर सांगतो. बाराच्या सुमारास आईचा फोन आला.

"बाळा, दादा कसंतरीच करतोय रे. हाताला रंग लागलाय म्हनतो."

"कुठल्या हाताला?"

"त्याच... नसलेल्या. लई चिकचिक हुतंय म्हनतो. लाल हाय म्हनतो."

"आई, तू पिशवी उघडून बघितली का? गिटारची?"

"कसली पिशवी? हितं माझा जीव चाललाय आन् तुला पिशवीचं पडलंय!"

मी कुलूप काढलं. धड तसंच टांगलेलं होतं, हलतही नव्हतं. आणि वरच्या कडेला, जिथे पूर्वी रंग उडालेला होता अगदी तिथेच, ओल्या रंगात हात उमटला होता. कोपराच्या पुढचा, टेकवल्यासारखा. केसांच्या बारीक बारीक रेघा दिसत होत्या. मधे एक लांबट गुळगुळीत जागा, तिथे एकही रेघ नाही. दादाला लहानपणी त्या हातावर सायलेन्सरचा चटका बसला होता, त्या डागावर केस यायचे नाहीत.

फोनमधून दादाचं कण्हणं ऐकू येत होतं — "पुसा की कुनीतरी, पुसा की..."

तोंडातून आपोआपच निघालं, "आई, गोडंतेल घे. फडक्यानं रंग पूस त्याचा." गॅरेजमधून आला की दादा तेलानेच हात पुसायचा.

"कुठं पुसू रे?" आई ओरडली. "हात कुठाय?"

"जिथं असता तिथं पूस!"

आईने फोन खाटेवर ठेवला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. तेलाच्या डब्याचं झाकण. मग आईचा आवाज, लहान मुलाशी बोलावा तसा — "हितं का? हितं? जरा वर?" आणि दादा, "व्हय... तिथंच... बोटांच्या मधी बी." अधांतरी पुसणारी माझी आई मला डोळ्यांसमोर दिसत होती.

कण्हणं कमी होत गेलं. "अंगठा सुटला, आई." थोड्या वेळाने, "दुसरं बी सुटलं." एकेक करून पाचही बोटं. फोन बंद पडला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

आणि मग दादा मोठ्याने रडला. अपघातानंतर तो एकदाही रडला नव्हता.

"हात गेला, आई," म्हणत होता. "आता गेला."

त्या दुपारी तो जेवला. डाव्या हाताने भाकरी मोडून, सांडत, पण जेवला. मूठ पुन्हा कधी आवळली नाही. आज त्याचं वजन बऱ्यापैकी भरलंय. फडक्यावर रंग होता का, असं आईला विचारलं, तर म्हणाली, "नुसतं तेल हुतं."

नसलेला हात दुखतो, याला विज्ञान आहे. ओल्या लाकडावर रंग वाळत नाही, यालाही आहे. कदाचित गिटार गोणीतून नेताना मला कुणी पाहिलं असेल आणि दादाच्या कानावर गेलं असेल, हेही मानतो. पण त्या बंद खोलीत रंगावर हात कुणी टेकवला? चाचांनी तो ठसा बघितला आणि पेपर खाली ठेवला. म्हणाले, "हे माझ्याच्यानं घासवनार न्हाई." रंग आता टणक झालाय. ठसा तसाच आहे.

दादाला मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल... निदान मूठ सुटली, जेवण लागलं, तो वाचला. त्याने उरलेल्या कोपरावरून डावा हात फिरवला.

"दुखत हुता रे," म्हणाला. "पर हुता."