हिराकसाचं नाव आणि रामदासपेठेचं स्थळ

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात बाबांनी मला शब्द दिला होता: एक स्थळ आलंय, जमलं तर लग्न, नाही तर एम.एस्सी. लकडगंजातल्या वखारीत मुनिमी करणाऱ्या माणसाने मुलीला इतपत मोकळीक द्यावी, हेच मोहल्ल्याला जड गेलं. मला एम.एस्सी.च हवी होती. पण मुलगा रसायनशास्त्राचाच प्राध्यापक, त्यात रामदासपेठेसारख्या बड्या लोकांच्या वस्तीत घर. नकाराला कारण काय सांगणार?

कारण त्यांनीच आणलं. पोह्यांची बशी हातात येताच प्राध्यापकांनी माझी तोंडी परीक्षा सुरू केली. पूर्वी मुलीला चालून दाखवायला लावत, गाणं म्हणायला लावत. आता विज्ञानयुग आलं होतं. मोरचूद? कॉपर सल्फेट. नवसागर? अमोनियम क्लोराइड. मीठ? इथे मला त्यांची दयाच आली. "सोडियम क्लोराइड," मी म्हणाले, तर त्यांच्या आई म्हणाल्या, "पोह्यांत कमी पडलंय ते."

"हिराकस?"

"आयर्न टू सल्फेट."

"चूक!" प्राध्यापकांचा चेहरा खुलला. "फेरस सल्फेट."

इथे शहाण्या मुलीने पदर सावरून मान डोलवायची असते. मी म्हणाले, "ते जुनं नाव. फेरस कोणतं आणि फेरिक कोणतं, हे पाठच करावं लागतं. आता लोखंडाची संयुजा नावातच सांगतात. दोन असेल तर टू, तीन असेल तर थ्री. नव्या पुस्तकात दिलंय."

नवं पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. नोकरी पक्की झाल्यावर कशाला उघडतील? त्यांनी उरलेले पोहे मात्र संपवले, मीठ कमी असूनही.

आठवड्याच्या आत निरोप आला: मुलगी उलट बोलते.

बाबा डबा न घेताच वखारीत गेले. मला वाटलं, आता कुठला शब्द आणि कुठली एम.एस्सी. संध्याकाळी परतले ते चपला न काढताच दारात उभे राहिले.

"त्या लोखंडाचं वं... तिथं खरंच दोन राहते का?"

"हो बाबा, दोनच."

"मंग तू काहून चूप राहशीन?" ते मटकन खुर्चीत बसले. "स्थळाचं काय, येते न जाते. तुह्यं उत्तर चुकलं असन, याचाच दिवसभर घोर लागला होता मले."

मला रडूच कोसळलं. बाबांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि चपला काढता काढता विचारलं, "एम.एस्सी.चा फारम कधी भरा लागते?"