मागे चालू राहिलेला कॉल

धुळ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने मला विचारलं होतं, "घरी वापर काय आहे?" माय सोनगीरला एकटी असते, तिला मोबाइलवरचं दिसत नाही, मोठ्या पडद्यावर माझ्याशी बोलेल आणि कीर्तनं बघेल, असं मी सांगितलं. त्याने लगेच कोपऱ्यातलं साधं मशीन पुढे सरकवलं. घरच्या माणसाला एका वेळी एकच काम असतं म्हणे, मल्टिटास्किंग हवंय कशाला? मी चिडले. एका वेळी एकच काम करायची चैन कुठल्या बाईच्या वाट्याला आली आहे? मी सगळ्यात भारीतलं मशीन घेतलं आणि त्याला चार शब्द ऐकवूनही आले.

माय मात्र दुकानदाराच्या बाजूची निघाली. एकावर एक कितीही गोष्टी उघडता येतात, खालची बंद होत नाही, मागे चालूच राहते, हे मी तिला नीट समजावलं. तिने मान हलवली आणि सोडून दिलं. तिच्या हिशेबी जे दिसत नाही ते संपलं. माझ्याशी बोलून झालं की ती लाल बटण शोधत बसायची नाही, सरळ कीर्तन लावायची. ते पडदाभर पसरलं आणि माझं तोंड झाकलं की तिच्या लेखी लेक गेली. एरवी कॉल आधी मीच तोडायचे, म्हणून हे कधी उघडकीस आलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती जळगावला कायमची माझ्याकडे यायची होती. मागची खोली रंगवून झाली, मोरीत धरायला दांडा बसवला. कॉलनीत सगळ्यांना सांगितलं. सांगताना मोठेपणा वाटायचा, तो का लपवू? माय "येसू, येसू" म्हणायची, येते म्हणायची, पण दिवस ठरवायची नाही.

त्या दुपारी मी घरूनच ऑफिसचं काम करत होते. पडद्यावर एका बाजूला ठिबकच्या नळ्यांच्या ऑर्डरी, दुसऱ्या बाजूला माय. बोलणं संपलं, तिने कीर्तन लावलं. माझा एक मेल अर्धा होता, म्हणून कॉल तोडायचा राहिला. माझ्याकडे ती दिसतच होती. इतकं मन लावून ती माझ्याकडे कधी बघत नसे; बघत होती अर्थात कीर्तनकाराकडे. तेवढ्यात शेजारच्या अक्काचा आवाज आला.

"मंग, कव्हय जाशी लेकना घर?"

"मी जावाव नही," माय म्हणाली. "ती मनासंगे बोलस, पन देखस दुसरीकडेच. मोरीमा मना पाय घसरना. तिले सांगं, तं ती म्हने, छान, छान. इतला दूरथीन हाई चालस. रोज समोर बसीसन कोन सहन करी?"

मी मेल पूर्ण करून पाठवला. हे मुद्दाम सांगते, कारण बोटं थांबली नाहीत. मग राग आला, आणि तोही आधी अक्काचा, तिने हे ऐकलं म्हणून. मायचा पाय घसरल्याचं मला आठवेना. छान म्हटल्याचंही आठवेना. रोज न चुकता कॉल करते, अजून कोणाची लेक करते एवढं? गुपचूप कॉल तोडला असता, तर तिला काही कळलं नसतं आणि "येसू, येसू" पुढेही ऐकायला मिळालं असतं. पण मला तिला अक्कासमोर लाजवायचं होतं.

"माय, मला सगळं ऐकू येतंय," मी म्हणाले.

टाळांच्या मागून माझा आवाज त्या घरात गेला. माय जागची हललीसुद्धा नाही.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "आते दोनदा सांगनं नही पडाव."

मी वाट बघत राहिले. ती कीर्तन बाजूला सारेल, माझं तोंड पुन्हा वर आणेल, काहीतरी सारवासारव करेल असं वाटत होतं. तिने हात पुढे केला आणि कीर्तनाचा आवाज वाढवला. डोळे तसेच, सरळ माझ्यावर. कॉल शेवटी मलाच तोडावा लागला.