उपवासाच्या दिवशीची पेज

आणीबाणी उठल्यानंतरच्या महाशिवरात्रीला मी नाकाडोंगरीच्या बसथांब्यावर होतो. आजूबाजूचे सगळे उपवासाला होते. एक लाकूडतोड्या मात्र उघड्यावर बसून डब्यातली तांदळाची पेज पीत होता, मान वर न करता.

“काय गा, आज तरी उपास धराचा होता!” चहावाल्याने टोमणा मारला.

त्याने उत्तर मला दिले. “मागच्या शिवरातीले धरला होता, बाबूजी. उपाशी पोटी माहं डोस्कं फिरते. बायकोच्या कानाखाली हाणली. तवापासून तिले त्या कानानं आयकू येत नाही.”

त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवले. डोक्यावर मोळी घेऊन ती थांबली होती. डबा रिकामा झालेला पाहून मगच ती जवळ आली.