आमच्या गावचं यजमानपद

रेडिओवर बातमी लागली, की साऱ्या जगाचे खेळ आपल्याकडंच भरावेत म्हणून मोठमोठी शहरं एकमेकांशी झुंजतायत. माझ्या वडिलांनी विडी विझवली. म्हणाले, "मग आपन काय कमी हाय व्हय?"

जगाचे खेळ तालुक्याच्या वडूजच्या पलीकडं आमच्यापर्यंत यायचे नव्हते, पण तालुक्यातल्या शाळांचे खेळ होते. ते भरवायला दोन गावं पुढं सरसावली. एक आमचं, दुसरं ओढ्यापलीकडचं. प्यायला पाणी दोन्हींत नव्हतं, त्यामुळं लढत तोडीस तोड होती.

गावाला आब्रूची पडली होती, मला पळायची. सातवीत होते मी, आणि शाळेत माझ्यापुढं कुणी जात नव्हतं. पण वडिलांचं ठरलेलं. "आपल्या गावात, डोळ्यांम्होरं पळ. दुसऱ्याच्या गावात पोरीचं पळणं दावायला मी काय तमाशा काढलाय?" म्हणजे खेळ आमच्यात आले तर मी पळणार, न्हाईतर भाकरी थापणार.

आता मैदान कसं करतात ते कुणी पाहिलं होतं? आमच्या लोकांना जमीन सपाट करायची एकच रीत ठाऊक, ज्वारी मळायचं खळं करतात ती. ढेकळं फोडली, पाणी शिंपलं, बैलं फिरवली, चोपून काढलं, आणि वरून गावातल्या बायकांनी शेणानं सारवलं. त्या पाण्यापायी अर्धं गाव बिनाअंघोळीचं राहिलं, ते सोडा. मैदान मात्र असं झालं, की वर ताट न मांडता जेवावं.

मैदान पसंत करायला तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले. मैदानाच्या कडेलाच गावातला एक म्हातारा काठी आडवी धरून उभा.

"आवं सायेब, बूट काडा. खळं हाय."

"हे क्रीडांगण आहे ना?"

"व्हय की. पर सारवलंय. लक्षुमी हाय ती."

"मग मुलं खेळणार कशी?"

"अनवाणी."

"आणि पाहुणे?"

"त्येबी."

सरपंचांनी म्हाताऱ्याला आवरायचं, तर त्यांनी स्वतःच्याच वहाणा आधी काढून ठेवलेल्या! साहेबांनी नाइलाजानं एक बूट काढला. मोज्यातून अंगठा बाहेर आला आणि सारवून दमलेल्या बायका खुदकन हसल्या. साहेबांनी बूट चढवला आणि जीप वळली. त्यांच्यासाठी कापलेला बोकड गावानं जड अंतःकरणानं संपवला. दोनदा रस्सा वाढून घेतला.

खेळ ओढ्यापलीकडं गेले. तिथं मैदानात काटेरी सराटे होते, पण बूट चालत होते. मी भाकरी थापायला बसले. मग दोन दिवसांनी बाजारात ओढ्यापलीकडच्या कुणीतरी वडिलांना डिवचलं, "तुमच्यात पळणारं हायच कोण? निस्तं शेण!" वडील तडक चुलीपाशी आले.

"ऊठ. पळायला जायाचं."

आई म्हणाली, "आवं, दुसऱ्याच्या गावात?"

"मग त्यास्नी काय फुकट जिकू द्यू?"

बैलगाडीत प्रत्येकानं मला सांगितलं, गावाची आब्रू तुझ्या पायांत हाय. शिट्टी वाजली आणि ती आब्रू कुठं सांडली देव जाणे. मला पुढच्या पोरीच्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या, लाल रिबिनीच्या. त्या शेवटपर्यंत दिसल्या. मी दुसरी आले. आणि ती पोरगी ना आमची, ना त्यांची, तिसऱ्याच गावाची!

दोन्ही गावं तोंडं पाडून उभी होती. वडील मात्र त्या पोरीच्या बापाला गाठून विचारत होते, "पावनं, तुमच्यात कवा भरवताय? आमी येतू. पोरीला घिऊन."