आईच्या हातातलं बटण

आमची जुनी गाडी वाटेत मधेच बंद पडायची आणि मेकॅनिककडे नेली की अगदी साळसूदपणे चालायची. मला लई राग यायचा. श्रीगोंद्याहून आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यायचं, आणि उशीर झाला की मशीनवरची तिची वेळ दुसऱ्याला जायची. तिच्या पायांवरची सूज दिसायची आणि मी बॉनेटवर बुक्क्या मारायचो.

शेवटी म्हटलं, हिचा पंचनामाच करू. साबणाच्या डबीत मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड बसवला. बॅटरीचा व्होल्टेज तो दर सेकंदाला मेमरी कार्डावर लिहायचा. लांब वायरीचं एक बटण आईच्या हातात दिलं. “गाडीनं आचका दिला की दाब.”

“आन् चुकून दाबलं तर?”

“काही होत नाही गं!”

मागच्या सीटवर ती बटण मुठीत धरून बसायची, परीक्षेला बसल्यासारखी.

तीन आठवड्यांनी नोंदी लॅपटॉपवर पाहिल्या. आईनं बटण दाबलं तिथं व्होल्टेज धाडकन पडलेला. म्हणजे अर्थिंगची, बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी वायर ढिली. बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. दर शनिवारी आई लिंबू-मिरची ओवून द्यायची. विज्ञानाचा मास्तर गाडीला लिंबू बांधतो म्हणून पोरं हसतील, या भीतीनं मी ते आत, अर्थिंगच्या बोल्टला बांधायचो, आणि गॅरेजला नेताना काढून ठेवायचो! लिंबाच्या रसानं बोल्ट पार खाल्ला होता, आणि खड्ड्यात लिंबू हिंदकळलं की त्याच्या ओढीनं ढिली वायर सुटायची. आई तोंडाला पदर लावून हसली. “येवढा शिकलास, आन् लिंबाला लाजलास व्हय रं!”

बोल्ट बदलला, गाडी सुतासारखी सरळ झाली. पण काही नोंदींचा मेळ लागेना. दर फेरीला, दवाखाना यायच्या पाचेक मिनिटं आधी, व्होल्टेज ठणठणीत असतानाही बटण दाबलेलं. आईला विचारलं, तिथं काय व्हायचं?

ती म्हणाली, “गाडीला काय न्हाई. मलाच धस्स हुतं तिथं. सुईचं लई भ्या वाटतं. तू म्हनला हुतास, चुकून दाबलं तरी काय हुत न्हाई.”

इतके दिवस मी गाडीवर चिडत होतो, आईला एकदाही विचारलं नव्हतं. त्या साबणाच्या डबीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आता ती जागा आली की गाडी कडेला घेतो, मागं जाऊन आईशेजारी बसतो. ती “चल आता” म्हणाली की मगच निघतो.