चहात बुडवलेला मोदक

इंटरव्ह्यूचे किस्से दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखे असतात. कितीही चूळ भरा, जीभ पुन्हा तिथेच जाते! डेंटल कॉलेजच्या अॅडमिशनचे तर माझ्याकडे इतके साठलेत की आता सांगून टाकल्याशिवाय सुटका नाही. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी इंग्लंडमध्ये थर्ड इयरला होते आणि 'वीस मिनिटांच्या गप्पांवरून डेंटिस्ट निवडणं हा शुद्ध अन्याय आहे' असं दिसेल त्याला सांगत सुटायचे.

आता माझंच बघा ना. माझ्या इंटरव्ह्यूला अॅडमिशनचे प्रमुख असलेले आमचे प्रोफेसर समोर होते. जाड भुवया, हातात चहाचा मग. त्यांनी विचारलं, "डेंटिस्ट्रीच का?"

मी घोकलेलं उत्तर फेकलं. "मला लोकांचं दुखणं थांबवायचंय!"

"म्हणजे तुम्ही अजून कुठल्या डेंटिस्टकडे गेलेल्या दिसत नाही," प्रोफेसर म्हणाले.

सगळं पॅनेल हसलं. मीही हसले. आणि मला सीट मिळाली! कशावर? हसण्यावर?

* * *

लंडनच्या पिनर भागात साठेकाकांच्या डायनिंग टेबलवर दर रविवारी आमचे मॉक इंटरव्ह्यू चालायचे. काका डेंटिस्ट. खाली सर्जरी, म्हणजे त्यांचा दवाखाना, वर घर. प्रश्न विचारायला काका आणि मी. उत्तरं द्यायला तिघं: काकांचा रोहन, ब्रॅकनेलहून येणारा आदित्य आणि अनुजा.

अनुजाची आई शाळेच्या किचनमध्ये काम करायची. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. फॉर्मवर चारच डेंटल कॉलेजं लिहिता येतात, त्यातल्या तिघांनी अनुजाला आधीच नकार कळवला होता. उरलं होतं फक्त आमचं.

एका रविवारी काकांनी विचारलं, "वर्क एक्स्पीरियन्स कसा मिळवलास?"

अनुजा म्हणाली, "एकोणीस सर्जरींनी नाही म्हटलं. विसावीला स्वतः जाऊन उभी राहिले. त्यांनी आठवडाभर येऊ दिलं."

"व्हेरी गुड! आणि रोहन, तू?"

"मी जिना उतरलो."

काकू किचनमधून मोठ्यानं हसल्या. काका नाही हसले.

* * *

'हातांचं कसब दाखवणारा तुमचा छंद कोणता?' हा प्रश्न हमखास येतो. निम्मी जनता 'पियानो' म्हणते. एकदा आमचे प्रोफेसर एका मुलाला म्हणाले होते, "पियानोवाले आमच्याकडे खूप झाले. दात काढायला कुणी येणार आहे का?"

म्हणून मी अनुजाला सांगितलं, "तू मोदक सांग!" गणपतीत मंडळाचे उकडीचे मोदक ती आणि तिची आईच करायच्या. अनुजाच्या मोदकाला मोजून पंधरा कळ्या, सगळ्या एकसारख्या.

"ताई, मोदक काय सांगायचे? हसतील ना ते!"

"हसू देत! हसले की सीट मिळते!"

ही आयडिया मला इतकी आवडली की अर्ध्या तासात मी ती रोहनला आणि आदित्यलाही देऊन टाकली. समान संधी म्हणजे समान संधी!

* * *

तिघांचे इंटरव्ह्यू एकाच सकाळी लागले. मी बाहेर स्टुडंट गाइड, बिस्किटं वाटायला.

आदित्य खुशीत बाहेर आला. "ताई, मोदक एकदम हिट! आत काय भरतात, तेही विचारलं."

"मग?"

"जॅम म्हटलं."

मग रोहन आला. "किती वेळ वाफवतात, असं विचारलं."

"मग?"

"मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं! पॅकेटवर तसंच लिहिलेलं असतं ना?"

मी बिस्किटं तिथेच ठेवून अनुजाला गाठायला वळले. पण दार उघडलं होतं आणि अनुजा आत चालली होती. सकाळपासूनचा तिसरा मोदक घेऊन. आणि खरा फक्त तिचाच!

वीस मिनिटांची पस्तीस झाली. अनुजा आली तेव्हा तिची बोटं गुलाबी झाली होती.

"प्रोफेसरांनी गुलाबी प्लॅस्टिसिनचा, त्या खेळायच्या मातीचा, गोळा टेबलवर ठेवला. म्हणाले, आज इथे जो येतो तो मोदक करतो. तू करून दाखव."

"केलास?"

"गोळा कडक होता, ताई. कळ्या तुटत होत्या. मी गरम पाणी मागितलं, ते नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा चहा पुढे केला."

"आणि तू..."

"बुडवला."

"बरं, डेंटिस्ट्रीबद्दल काय विचारलं?"

"काहीच नाही." तिचे डोळे भरले. "चौथंही गेलं ना, ताई?"

* * *

मी पेटले! दोन पानी पत्र लिहिलं. इंटरव्ह्यू बंद करा, ही थट्टा आहे, दुसऱ्यांच्या थापांची शिक्षा एका प्रामाणिक मुलीला का? त्या थापा कुणी शिकवल्या, ते मात्र दोन पानांत कुठे बसलं नाही.

आठवड्यानं पत्र घेऊन मी प्रोफेसरांच्या ऑफिसात शिरले. खिडकीत एक गुलाबी मोदक होता, पंधरा कळ्यांचा. शेजारी चार वेडेवाकडे गोळे. प्रोफेसरांच्या बाह्या कोपरापर्यंत वर.

त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली.

"सगळं बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "वीस मिनिटांत माणूस कळत नाही. त्या मुलीला आम्ही आज सकाळीच ऑफर पाठवली. पण ती येणार सप्टेंबरमध्ये, आणि मला तेवढा धीर नाही." त्यांनी प्लॅस्टिसिन माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीही तिकडच्याच ना? दाखवा कसं करतात."

"सर, मला... नाही येत."

"अस्सं." ते खुर्चीत मागे टेकले. "तुमच्या इंटरव्ह्यूत हातांचा छंद कोणता सांगितला होता तुम्ही?"

"पियानो."

जाड भुवया वर गेल्या. "वाजवता?"

मी पत्र उचललं, घडी घालून खिशात टाकलं आणि बाह्या सरसावल्या.

"सर, चहा आहे का?"